उशाशी बसून गाताना

आजाऱ्याच्या उशाशी म्हणावयाची पदे निवडताना अर्थाच्याही आधी पट्टी आणि लय पाहावी, हे माझे मत आमच्या भजनी मंडळातील कित्येकांस विपरीत वाटते. परंतु जो अभंग दिंडीत काळी चारच्या चढ्या पट्टीत, पखवाजाच्या साथीने, अंगावर रोमांच उभे करतो, तोच ज्वराने क्षीण झालेल्या श्रोत्यास नुसता दडपून टाकतो, आणि ज्यास आपल्याबरोबर ओठ हलवण्याचीही मुभा उरली नाही, त्याचे सांत्वन झाले असे कोणत्या तोंडाने म्हणावे? म्हणून मी एकतारी काळी एकपर्यंत उतरवून घेतो आणि टाळ पिशवीतच राहू देतो.

या कामी समर्थांच्या करुणाष्टकांसारखे साधन नाही. दिवेलागणीच्या परवच्याबरोबर ती बालपणीच मुखोद्गत झालेली असल्याने, इतर सारे विस्मरणात गेलेल्या वृद्धासही ती आठवतात, हा एक लाभ. दुसरा असा, की त्यांतील सर्वांत प्रचलित अष्टक मालिनी वृत्तात आहे, चरणाच्या पंधरा अक्षरांपैकी आठव्यावर यती येतो, आणि धाप लागलेल्या माणसास तेथे श्वास घेण्याची सवड वृत्तानेच करून ठेवलेली असते. (ताना-पलटे येथे कुचकामाचे; गाणाऱ्याची हौस फिटते, इतकेच.) तुकोबांचे देहाच्या नश्वरतेवरील अभंग मात्र, त्यांची थोरवी शिरसावंद्य मानूनही, मी अशा घरी वर्ज्य समजतो, कीर्तनात धडधाकट श्रोत्यास ते जागे करतात, आजाऱ्यास तेच जप्तीच्या हुकुमासारखे ऐकू येतात.

एका आजीबाईंना अभंग, अष्टके, कशाचेच अगत्य नव्हते. त्यांना हव्या होत्या जात्यावरच्या ओव्या, आणि त्या मला पुरुषाला येणार कोठून! अखेर सूनबाईंनी पदर सावरून, ऐकून ठाऊक असलेली एक ओवी संकोचाने धरली, तशी आजीबाईंची उजवी मूठ गोधडीवर गरगर फिरू लागली, आणि दुसरी ओवी, माहेरच्या भावाची, त्यांनी स्वतःच घातली. मी तार छेडीत राहिलो, तीही बेताने, कारण जात्याच्या त्या लयीशी माझा ठेका काही केल्या जुळेना.

राहता राहिली भैरवी. तिच्याइतकी हळुवार रागिणी दुसरी नाही. पण भजनाचा शेवट तिने करावयाचा हा शिरस्ता जाणत्या श्रोत्यास पक्का ठाऊक असतो, त्यामुळे आपण होऊन मी ती आरंभीत नाही. खुद्द त्यांचीच फर्माईश झाली तर म्हणतो, आणि तिच्यामागून आणखी एखादी गौळण गाऊन मगच उठतो.