मुंबईच्या पावसातून परत आल्यावर

जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, दोन दिवस मुंबईला जायचंय, सोबत काय काय औषधं ठेवू?" तापाची गोळी, ओआरएसची पाकिटं मी लिहून देतो. बीपी-शुगरच्या गोळ्या चार दिवसांच्या जास्त ठेवा म्हणून सांगतो, कारण पाऊस लागला की परतीची गाडी कधी सुटेल याचा भरवसा नसतो. पण हल्ली मी आणखी एक गोष्ट विचारतो. "परत कधी येणार?" त्या तारखेपासूनचे पंधरा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा म्हणतो. लोक हसतात. ही सवय मला कशी लागली ते आज तुम्हाला सांगतो. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी जुलैत भाचीच्या बाळाचं बारसं होतं. ताई-दाजी लालबागला राहतात. मी, बायको आणि आमचा ड्रायव्हर असे तिघे सोलापूरहून गाडीने निघालो. आम्ही कोरड्या भागातली माणसं. सोलापुरात अख्ख्या वर्षात सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. हे आकडे मला पाठ होते. पण आकडे पाठ असणं वेगळं आणि दादरच्या पुढे हिंदमाताला गाडीच्या दारातून पाणी आत येताना बघणं वेगळं.

हिंदमाताचा भाग बशीसारखा खोलगट आहे. आजूबाजूचं पाणी तिथे उतरतं. त्याच वेळी समुद्राला मोठी भरती असेल, तर नाल्यांतलं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही, ते रस्त्यावरच तुंबतं. म्हणून मुंबईकर पावसाच्या अंदाजासोबत भरतीची वेळही बघतो. आम्ही ती बघितली नव्हती.

गाडी बंद पडली. मी आणि ड्रायव्हर उतरलो आणि गुडघाभर पाण्यात गाडी ढकलत कडेला नेली. त्याच्या पायातली एक चप्पल वाहून गेली, दुसरी त्यानेच वैतागून सोडून दिली. तोवर दाजी आम्हाला न्यायला चालत आले. "माझ्या मागं मागं या, कडेनं चालू नका," असं म्हणत त्यांनी आम्हाला रस्त्याच्या मधोमध, दुभाजकाला धरून नेलं. एका ठिकाणी उघड्या मॅनहोलपाशी दोन पोरं बांबू रोवून उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून बाजूला करत होती. आमच्याच व्यवसायातले नामवंत पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात गाडी सोडून घराकडे चालत निघाले होते आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. ते आठवून माझ्या पोटात गोळा आला होता. तुम्हाला पहिला सल्ला हाच की पाणी साचलं असेल तर शक्यतो आहे तिथेच थांबा. कुणाकडे पोचायला चार तास उशीर झाला तर काही बिघडत नाही. चालावंच लागलं तर विजेच्या खांबाला, पेटीला हात लावू नका.

ताईकडे पोचल्यावर मी डॉक्टर झालो. सगळ्यांचे पाय साबणाने धुवायला लावले, पुसून बोटांच्या बेचक्यांसकट तपासले. दाजींना मधुमेह आहे. त्यांच्या टाचेला चांगला इंचभर काप होता आणि त्यांना तो कळलाही नव्हता. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते ती अशी. खालच्या मेडिकलमधून डॉक्सिसायक्लिन मागवलं आणि जेवणानंतर मी, बायको आणि दाजी, तिघांनी २०० मिलिग्रॅमचा डोस घेतला. बायकोला भरपूर पाणी प्यायला लावलं आणि अर्धा तास आडवं होऊ दिलं नाही, कारण ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. सगळं शास्त्रशुद्ध.

ड्रायव्हर भायखळ्याला मावसभावाकडे झोपायला गेला होता. सर्वांत जास्त वेळ पाण्यात तोच होता, तोही अनवाणी. त्याला मी गोळी दिली नाही. मुद्दाम नाही, विसरलो. दुसऱ्या दिवशी भेटला तेव्हा गाडी कुठल्या गॅरेजला न्यायची एवढंच आम्ही बोललो.

सोलापूरला परतल्यावर नवव्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप आला. त्याने घराजवळच्या दवाखान्यात दाखवलं. व्हायरल असेल म्हणाले, अंगदुखीसाठी इंजेक्शन दिलं. मला कळवलं नाही, कारण "साहेबांना कशाला त्रास". चौथ्या दिवशी त्याची बायको त्याला रिक्षात घालून माझ्याकडे घेऊन आली. डोळे लालबुंद, पण चिकटा नाही, पाणी नाही. "डोळे आलेत वाटतं," ती म्हणाली. टेबलावर चढताना त्याला पाय टाकवत नव्हता. मी पोटरी दाबली तर ओरडला.

मी काय केलं? डेंग्यू आणि मलेरियाच्या तपासण्या लिहायला घेतल्या. बाहेर ऊन होतं, पंधरा दिवसांत सोलापुरात थेंब पडला नव्हता, आणि मुंबई माझ्या डोक्यातून केव्हाच गेली होती. तेव्हा तो म्हणाला, "साहेब, त्या दिवशी गाडी ढकलताना पोटऱ्या भरून आल्या, तवापासनंच असंल हे."

कारण त्याने चुकीचं सांगितलं होतं, पण माझा पेन थांबला.

लेप्टोस्पायरोसिस. आपण त्याला नुसतं लेप्टो म्हणतो. याचे जिवाणू स्प्रिंगसारखे वळलेले असतात आणि उंदराच्या मूत्रपिंडात राहतात. उंदराला काही होत नाही, पण त्याच्या लघवीतून ते बाहेर पडत राहतात. कुत्री आणि गुरं यांच्याही लघवीतून ते येतात. पाऊस साचला की हे सगळं एका पाण्यात मिसळतं. आपल्या पायाची भेग, चप्पल चावल्याची जखम, डोळे, नाक, तोंड यांतून जिवाणू शरीरात शिरतात. अंगावर पडणाऱ्या पावसाने लेप्टो होत नाही, साचलेल्या पाण्याने होतो. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, कधी दोन दिवसांत, कधी महिन्यानेही. म्हणजे माणूस आजारी पडतो तेव्हा तो मुंबईत नसतोच. लातूरला, नगरला, इंदूरला आपल्या घरी असतो आणि त्याच्या डॉक्टरसमोर फक्त एक तापाचा पेशंट असतो.

त्याच संध्याकाळी त्याला ॲडमिट केलं. क्रिएटिनिन चारच्या वर, कावीळ नऊ, प्लेटलेट्स पन्नास हजारांखाली. साध्या काविळीत एसजीपीटी हजारांत जातं, इथे ते थोडंसंच वाढलं होतं. लेप्टोत असंच दिसतं. लेप्टोची आयजीएम तपासणी मात्र निगेटिव्ह आली. पहिल्या काही दिवसांत ती निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून आम्ही थांबलो नाही, सेफ्ट्रायॅक्झोन सुरू केलं. नंतर पुन्हा केली तेव्हा पॉझिटिव्ह आली. लघवी कमी झाल्याने दोनदा डायलिसिस करावं लागलं. लेप्टोत फुप्फुसात रक्तस्राव होऊ शकतो, त्या भीतीने मी दोन रात्री आयसीयूबाहेरच्या बाकावर काढल्या. मी तिथे बसून काही फरक पडणार नव्हता, पण घरी झोप आली नसती. त्याची बायको दर तासाला चहा विचारायची. मला तो घशाखाली उतरत नव्हता.

अकराव्या दिवशी तो घरी गेला. मूत्रपिंडं पूर्ववत झाली. लेप्टोतून वाचलेल्या बहुतेकांची होतात.

डिस्चार्जच्या सकाळी त्याने सहज विचारलं, "साहेब, पाण्यात तर तुमी बी होता. तुमाला कसं काय नाही झालं?"

मी गोळीचं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मॅडमना बी दिली होती ना?"

"हो."

"मग बरं झालं."

याच्यावर मला काही बोलता आलं नाही. अजूनही येत नाही. हे सगळं त्याला विचारूनच लिहितो आहे.

आता तुमच्यासाठी कामाचं. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर ७२ तासांच्या आत तुमच्या डॉक्टरांना फोन करा. प्रतिबंधक डोस घ्यायचा का, किती, एकदा की जास्त वेळा, हे पाण्यात किती वेळ होतात आणि पायाला जखम होती का यावर ठरतं. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालची मुलं यांना डॉक्सिसायक्लिन चालत नाही, त्यांना वेगळं औषध देतात. हा डोस म्हणजे कवचकुंडलं नव्हे. तो घेऊनही ताप आला तर दाखवायचंच. आणि चार थेंब अंगावर पडले म्हणून मेडिकलमधून गोळी घेऊन खाऊ नका.

परतल्यावर पंधरा दिवसांत, फार तर महिनाभरात ताप आला, तर पॅरासिटामॉल घ्या, पण अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनच्या वाटेला जाऊ नका. लेप्टोत त्याने मूत्रपिंडावर ताण येतो आणि डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. मुंबईच्या पावसाळ्यात डेंग्यू, मलेरियाही असतातच, त्यामुळे त्यांच्या तपासण्याही लागतील. पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, लघवी कमी किंवा गडद होणं, धाप लागणं, यांपैकी काही असेल तर उद्यावर टाकू नका.

आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी खुर्चीत बसल्या बसल्या सांगा, "अमुक तारखेला मुंबईत गुडघाभर पाण्यातून चाललो होतो." सोबत आणखी कोण कोण होतं, तेही सांगा.