बारातले सहा चौकोन

पॉवर बँक म्हणजे मुळात साबणाच्या वडीसारखी वस्तू. काळी नाहीतर पांढरी. पण हल्ली आमच्या बेळगावात खडेबाजारातल्या दुकानांत तिच्या पाठीवर रंगांचे फटकारे, वर्तुळं, आडव्या-उभ्या रेघा छापलेल्या दिसतात. फूल नाही, देव नाही, नट-नटी नाही. "हे काय?" म्हणून विचारलं तर दुकानदार म्हणाला, "अ‍ॅबस्ट्रॅक्ट, मॅडम. पोरांना आवडतंय."

माझ्या मुलीने तसली एक अण्णांसाठी आणली. चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एकात एक रंगीत वर्तुळं. मूळ काम कान्डिन्स्कीचं, १९१३ सालचं. त्यात बारा चौकोन आहेत, इथे सहाच मावलेत. चित्रकार १९४४ साली वारला. आपल्याकडे मृत्यूनंतर साठ वर्षांनी चित्रावरचा हक्क संपतो. मग काय, कपावर छापा, उशीच्या अभ्र्यावर छापा.

अण्णांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. अमूर्त चित्राबद्दल त्यांचा एकच शेरा असे, "हात वळत नाही त्याची ही पळवाट." आता त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेकडेचं दिसतं, समोरचं पुसट. अक्षर लागत नाही, माणसाचे नाक-डोळे लागत नाहीत. ठळक रंग तेवढा कळतो. वाचन सुटलं, फोनवर ऐकणं राहिलं. दिवस मावळायच्या आत जेवण उरकलं की फोन कानाशी. त्यात आमच्याकडचा पावसाळा आणि जाणारी वीज! घरातल्या चार काळ्या वड्यांतली आपली कुठली, हे त्यांना चाचपून कळत नसे, आणि विचारायचा संकोच. फोन मेला की तसेच बसून राहायचे. दोन पावसाळे मी ते बघितलंय.

(जाता जाता सांगते, खोक्यावर १०००० लिहिलेलं असलं तरी फोनच्या वाट्याला त्यातलं दोन तृतीयांशच्या आसपास येतं. आतला सेल ३.७ व्होल्टचा, तो ५ वर चढवायचा, शिवाय थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. हे दुकानात कुणी सांगत नाही.)

ही नवी त्यांनी हातात घेतली, मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने पाहिली. बराच वेळ.

"तांबड्याशेजारी हा निळा कुणी ठेवला?"

"कान्डिन्स्कीनं."

"हे चित्र न्हवं गं. रंगसंगतीचा धडा हाय. सातवीला मी हेच तर शिकवत होतो."

ते खरंच तसं आहे. कुठला रंग कुणाशेजारी कसा वागतो, हे पाहण्यासाठीच कान्डिन्स्कीने ते केलं होतं. तसं सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "मग ठीक."

माझ्या भावाला हा सगळा पोरकटपणा वाटतो. वस्तू कामाची असावी, नक्षी कशाला, म्हणतो. त्याचं मला पटत नाही. बैठकीत आईचं तैलचित्र आहे, अण्णांनीच काढलेलं. तिच्या चेहऱ्याच्या जागी त्यांना राखाडी डाग दिसतो. हे ते एकदाच बोलले, पुन्हा नाही. हे सहा चौकोन मात्र नाकाजवळ धरले की दिसतात.

कोपऱ्यातला रंग अंगठ्याने घासून उडायला लागलाय. दुसरी मागवू का म्हटलं तर नको म्हणाले. सध्या तिसऱ्या चौकोनाची तपासणी चालू आहे. त्यातला आतला हिरवा कच्चा आहे, असं त्यांचं मत पडलंय.