अब्बांची टोपी आणि रुंद टीव्ही

जुन्या सुट्टीच्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देणारे दुकानदार एक प्रश्न हमखास विचारतात, "फुल स्क्रीन करून देऊ का?" आमच्या घरातली मुले लगेच हो म्हणाली. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले की त्यांना टीव्ही बिघडल्यासारखा वाटतो.

आमच्याकडे 2003 ते 2008 या काळातल्या नऊ कॅसेटी आहेत. मामूंनी दुबईहून आणलेल्या हॅन्डीकॅमवर घेतलेल्या. करमाडहून निघून खुलताबाद, दौलताबाद, पाणचक्की, एका उन्हाळ्यात हैदराबाद. अब्बा 2011 मध्ये गेले. त्यांचे फोटो बरेच आहेत, पण आवाज मात्र या कॅसेटींतच आहे.

आम्ही आधी नमुना मागितला. पहिल्या नमुन्यात चित्र आडवे ताणलेले होते. सडपातळ अम्मी एक तृतीयांशाने रुंद झाल्या होत्या. त्या स्वतःच हसल्या, "या कोण बाई?" दुसऱ्या नमुन्यात चित्र ताणले नव्हते, कापले होते. शाळेत गुणोत्तर शिकवताना मुले विचारतात की याचा उपयोग काय. इथे तो दिसला. जुने चित्र चार रुंद, तीन उंच. नवा पडदा सोळा रुंद, नऊ उंच. पडदा भरायचा तर उंचीचा चौथा हिस्सा टाकून द्यावा लागतो. दौलताबादचा चांद मिनार सुमारे 210 फूट उंच. त्याचा माथा गेला, त्याचे एवढे वाटले नाही, मिनार अजून जागेवर आहे. पण खाली उभ्या अब्बांची टोपीही गेली. दुकानदाराने चौकट वर सरकवली. टोपी आली, आणि अब्बांचे बोट धरून उभी असलेली नात खालून निघून गेली.

हे जुने माप मुळात सिनेमाचे. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन यांनी 1890च्या दशकात 35 मिलिमीटर फिल्मसाठी ठरवलेले, पुढे टीव्हीने घेतलेले. मग टीव्हीशी स्पर्धा म्हणून सिनेमाच रुंद झाला. आपल्याकडे 'कागज़ के फूल' हा 1959 चा सिनेमास्कोप चित्रपट. डोंगर, लढाया, नाचगाणी रुंद पडद्यावर शोभतात. घरची माणसे बहुधा उभीच असतात, त्यांना उंची लागते.

म्हणून आम्ही कॅसेटी जशा आहेत तशाच उतरवायला सांगितल्या, काळ्या पट्ट्यांसकट. पुढे कोणाला कापायचेच असेल तर मूळ प्रत हाताशी राहील. कापलेल्यातून टोपी परत येत नाही. दोन प्रती केल्या, एक भाईजानकडे.

नव्या सहलींचे वेगळे. तिथे मोबाइल आडवा धरावा, असे आमचे मत. मुले उभाच धरतात, आणि ते चित्र भिंतीवरच्या टीव्हीत पडद्याचा तिसरा हिस्सासुद्धा भरत नाही. मुलींचे म्हणणे, "टीव्हीवर बघतंय कोण, स्टेटसला तर ठेवायचाय." घरातल्या बायका-मुलींचे व्हिडिओ स्टेटसला नकोत, हा वाद आमच्याकडे मापाच्या वादाहून जुना आहे आणि तो मिटलेला नाही. मात्र खुलताबादला जाताना एक फोन आडवा आणि एक उभा, इतके ठरले आहे.

नऊपैकी आठ कॅसेटी उतरल्या. सातव्या क्रमांकाची, हैदराबादची, बुरशीने चिकटली आहे. ती अजून दुकानातच आहे. दुआ करा.