सात वर्षांचं अंडं

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आम्ही दोघं मुलाकडे तोक्योला जाऊन आलो. त्यातल्या हाकोनेच्या ओवाकुदानी दरीबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं.

हाकोने-युमोतोहून वर गोराला जाणारी छोटी गाडी घाटात तीनदा थांबते आणि दर वेळी उलट्या तोंडाने चढायला लागते. आपल्याकडे खंडाळ्याच्या घाटात पूर्वी असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गोऱ्यापर्यंत आम्ही सगळे बरोबर होतो. पुढे मात्र ह्यांना येता आलं नाही. दरीतल्या गंधकाच्या वायूमुळे दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी वर जाऊ नये, अशी स्पष्ट सूचना असते. ह्यांचा दमा जुना, आणि गेल्या पावसाळ्यात आठ दिवस दवाखान्यात काढलेले. "तू जा. तीस वर्षं फळ्यावर ज्वालामुखी काढलास, आता खरा बघून ये," असं म्हणून हे सूनबाईबरोबर गोऱ्यालाच थांबले.

मुलगा आणि मी रोपवेने निघालो. डोंगराची कड ओलांडली आणि पायाखाली एकदम पिवळी-करडी उघडी दरी आली. जागोजागी वाफेचे लोट, आणि पाळण्यात बसल्याबसल्याच नाकात शिरणारा वास! सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकात ही दरी तयार झाली. पूर्वी हिचं नावच 'नरक' होतं. १८७३ साली सम्राट येणार, त्यांना नरकात कसं न्यायचं, म्हणून 'मोठी उकळती दरी' अशा अर्थाचं आजचं नाव ठेवलं. नाव बदललं तरी दरी काही निवली नाही. २०१५ च्या जूनअखेरीस इथे छोटा उद्रेक झाला, आणि दरी वर्षभराहून अधिक काळ बंद होती.

आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच थंड झालेला. इथली माणसं जिवंत डोंगराच्या कुशीत राहतात. त्याच्याच वाफेवर पाणी तापवून नळाने खालच्या हॉटेलांना पुरवतात, आणि त्याच्याच कुंडात अंडी उकडतात. पाण्यातलं लोह आणि गंधक मिळून कवच काळंकुट्ट होतं. आतलं अंडं मात्र नेहमीसारखंच पांढरं. एक खाल्लं की आयुष्य सात वर्षांनी वाढतं म्हणे! शेजारी आयुष्य वाढवणाऱ्या जिझोचं छोटं देऊळ आहे. जिझो म्हणजे आपल्या संस्कृतातला क्षितिगर्भ. एवढ्या लांब ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं आणि हात आपोआप जोडले गेले.

परतताना मुलाने विषय काढला. "आई, तुमच्यापैकी एकजण मागे राहिलं तर? आत्ताच इकडे या ना दोघं." मी खिडकीबाहेर बघत राहिले. हा प्रश्न आमच्या घरात दोन वर्षं फिरतो आहे आणि कुणीच त्याला हात घालत नाही.

गोऱ्याला ह्यांच्या हातावर अंडं ठेवलं, सात वर्षांचं सांगितलं. हे म्हणाले, "आणि तुझं?"

"मी कुठे अंडं खाते?"

"मग मलाही नको. मी सात वर्षं जादा राहून एकटा काय करू?"

सूनबाई हसली, मुलगा नाही हसला. मी ते अंडं सोललं, अर्धं ह्यांना दिलं आणि अर्धं मी खाल्लं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा! साडेतीन-साडेतीन वर्षं, हिशेब सरळ. नंतर रात्री मुलाशी आम्ही दोघंही नीट बोललो. चालतंय तोवर आपल्याच घरी राहायचं, आणि मागे जे राहील त्याने हट्ट न करता मुलाकडे यायचं, असं ठरलं. ह्यांनी ते वहीत तारखेसह लिहून ठेवलं आहे. नातेवाईक मंडळी, तुम्हीही वाचून ठेवा, म्हणजे नंतर वाद नको.

असो. चव विचाराल तर साध्या उकडलेल्या अंड्यासारखीच असते, असं हे सांगतात. तोक्योच्या गमतीजमती पुढच्या वेळी.