आवाज केव्हा येतो?

माझा विषय मराठी. वर्गात अनुकरणवाचक शब्द आले की मला चेव चढतो. किरकिर निराळी, कुरकुर निराळी, खरखर निराळी आणि घरघर तर अगदीच निराळी, हे सांगता सांगता तास संपून जातो. अशा माझ्या कानांवर आमच्या जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचा आवाज चार महिने पडत होता. आणि मी रेडिओ मोठा करीत होतो!

गाडी अण्णांची, म्हणजे वडिलांची. चार गिअरांची, मागच्या चाकांना ओढ देणारी. अण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत आणि मागे बसतात. एका रविवारी त्यांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, ती काहीतरी सांगते आहे."

सोमवारी मिस्त्रींकडे गेलो आणि माझी शब्दसंपत्ती त्यांच्यापुढे उधळली. "घरघरच म्हणता येईल, पण तिला खरखरीची छटा आहे." त्यांनी हात पुसत ऐकून घेतले. "सर, नाव राहू द्या. आवाज केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, ते सांगा."

मला सांगता येईना. मग माझी परीक्षा सुरू झाली. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये : आवाज हजर. क्लच दाबला : बंद. सोडला : पुन्हा हजर. "म्हणजे क्लचचं बेरिंग नाही. ते गेलं असतं, तर दाबल्यावर ओरडलं असतं." मग रस्त्यावर निघालो. पहिला, दुसरा, तिसरा, तिन्ही गिअरांत घरघर. चौथ्यात मात्र ती जवळजवळ नाहीशी! वाक्यातला कर्ता सापडावा तसे मिस्त्री हसले. अशा गाडीत चौथ्या गिअरला इंजिनाचा जोर वरच्या दांड्यातून सरळ मागे जातो. बाकीच्या गिअरांना तो खालच्या दांड्यावरून वळसा घेतो. क्लच दाबला की त्या दांड्याला इंजिनाकडून येणारी गती तुटते. तेव्हा दुखणे खालच्या दांड्याच्या बेरिंगचे.

परतताना गाडी मागे घेतली, तर मोठी किंकाळी उठली. "हाच तो!" मी ओरडलो.

"छे! तो रिव्हर्सचा स्वभावच आहे. बाकीच्या गिअरांचे दाते तिरपे, हळूच एकमेकांत शिरतात. याचे सरळ, ते एकदम आदळतात. सरळ आहे म्हणून ओरडतो, सर."

स्टाफरूममध्ये सांगण्यासारखे वाक्य मिळाले म्हणून मी खूश होतो, तोच पुढचा प्रश्न आला. "तेल कधी पाहिलं होतंत?" मी गप्प. तेल निम्मेही नव्हते. जे होते त्यात अभ्रकासारखी चमक. लोखंडाचा कीस! "आधी आला असतात, तर कदाचित तेलावरच भागलं असतं. असो. ओरडते आहे तोवर दुरुस्ती आहे."

त्या रात्री भिंतीपलीकडून अण्णांचा खोकला ऐकू आला. महिनाभर येतच होता. मी त्याला नाव देऊन टाकले होते : म्हातारपणाचा खोकला. नाव दिले की मी खोलीचे दार लोटून घ्यायला मोकळा! त्या रात्री मात्र उठलो.

"अण्णा, खोकला केव्हा येतो?"

ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "आडवा झालो की येतो. उठून बसलो की थांबतो." उशाला तीन उश्या होत्या. त्या केव्हा वाढल्या, ते मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही तेच प्रश्न विचारले. केव्हा? जिना चढताना दम लागतो का? त्यांनी पायावर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. तपासण्या झाल्या. हृदयाला काम झेपत नव्हते, म्हणून फुफ्फुसांत पाणी साठत होते. औषधे सुरू झाली. "बरं झालं आणलंत," डॉक्टर म्हणाले. 'वेळेवर' हा शब्द त्यांनी वापरला नाही, हे मराठीच्या मास्तराच्या लक्षात आले.

आता अण्णा एका उशीवर झोपतात. गाडीही दुरुस्त होऊन आली. परवा त्यांना घेऊन निघालो. रेडिओ बंद होता. फाटकातून गाडी मागे घेताना ते म्हणाले, "अरे, ही अजून ओरडते आहे."

"ओरडू द्या, अण्णा. तो रिव्हर्स आहे. सरळ आहे बिचारा."