त्रेसष्ट युरोंत जर्मनी

"जर्मनीला चाललीस? मज्जा आहे बुवा एका माणसाची!" हे वाक्य मी गेल्या महिन्याभरात मेसच्या रांगेपासून लायब्ररीच्या काउंटरपर्यंत सगळीकडे ऐकलं. मज्जा आहे, नाकारत नाही. पण ती मज्जा किती रुपयांची, हे मात्र कुणीच विचारत नाही. ते गणित आपलं आपणच सोडवायचं असतं. मी ते सोडवलंय, आणि पुढच्या वर्षी तुमच्यापैकी कुणावर हीच वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून इथे मांडतेय. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!

तर प्रॉब्लेम स्टेटमेंट असं. मे ते जुलै डार्मस्टाटला इंटर्नशिप. विमानाचं भाडं शिष्यवृत्तीतून. १० जुलैला लॅबमधलं काम संपणार. त्यानंतर १० दिवस आणि ९ रात्री माझ्या. स्टायपेंडमधून पोट मारून उरतील ते ५०० युरो. हिशेबाला सोपं म्हणून १ युरो म्हणजे १०० रुपये धरले. अट एकच, घरून एक रुपया घ्यायचा नाही.

सगळ्यात आधी प्रवास. जर्मनीत 'डॉइचलांट टिकेट' नावाचा एक मासिक पास आहे. मे २०२३ मध्ये तो सुरू झाला तेव्हा ४९ युरोंना होता, २०२५ च्या जानेवारीत ५८ झाला आणि २०२६ च्या जानेवारीपासून ६३. (महागाई तिकडेही आहे, ऐकून बरं वाटलं!) ह्या एका पासवर देशभरातल्या लोकल, रिजनल गाड्या, मेट्रो, ट्राम, शहरातल्या बस, सगळं चालतं. चालत नाही ते फक्त लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत, म्हणजे आयसीई, आयसी वगैरे. थोडक्यात आपल्याकडची पॅसेंजर, पण वेळापत्रक पाळायचा प्रयत्न करणारी.

पास कॅलेंडरच्या महिन्याचा असतो, म्हणून अख्खी ट्रिप जुलैतच बसवली. लॅबला जायला-यायलाही तोच. आणि हा पास म्हणजे वर्गणी असते, आपोआप पुढे चालू राहते. महिनाअखेर बंद करायची तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं. म्हणून १० जुलै ही तारीख मी लाल रंगात ठेवलीय. तसंच येताना विमान फ्रँकफर्टला उतरणार आणि जाताना बर्लिनहून सुटणार. आल्या वाटेने परत यायचा एक अख्खा दिवस वाचला.

आता मंद गाड्यांनी जायचं म्हटल्यावर सगळे नाक मुरडतात. मीही नकाशा उघडेपर्यंत मुरडत होते. फ्रँकफर्ट ते कोलोन ह्या दोन शहरांमध्ये २००२ मध्ये ताशी ३०० किलोमीटरची नवी लाइन झाली. ती डोंगर फोडून सरळ जाते, बोगद्यांमागून बोगदे. आणि जुनी, मंद गाडी? ती ऱ्हाईन नदीच्या काठाकाठाने जाते! बिंगेन ते कोब्लेंझ हा खोऱ्याचा पट्टा म्हणजे युनेस्कोच्या यादीतला वारसा. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे आणि टेकडीटेकडीवर किल्ले. खंबाटकीला बोगद्यातून आलेल्या माणसाला घाट कुठे दिसतो? तसंच आहे हे. जास्त पैसे देऊन अंधार बघायचा, की कमी पैशात नदी? मी नदी घेतली.

इथून पुढे माझा बजेटशी असलेला झगडा संपला आणि दोस्ती सुरू झाली. कोलोनहून थोड्या वेळात वुपरटाल येतं. तिथे १९०१ पासून एक रेल्वे रुळाला खाली लटकून धावतेय, बहुतेक अंतर नदीच्या पाण्यावरून. १३ किलोमीटर, आणि माझ्या पासवर फुकट. पुढे आल्टेना. आपण होस्टेलवाल्यांनी तर ह्या गावाला नमस्कारच केला पाहिजे. रिचर्ड शिरमन नावाचे एक शाळामास्तर १९०९ मध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले, वादळात सापडले आणि एका शाळेत रात्र काढली. मुलांना प्रवासात स्वस्तात झोपायला जागा हवी, हे त्यांच्या डोक्यात बसलं, आणि १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात जगातलं पहिलं कायमचं यूथ होस्टेल सुरू झालं. मी तिथे एक रात्र काढणार आहे. जर्मन यूथ होस्टेलला सभासद कार्ड लागतं, पण चादर आणि नाश्ता भाड्यातच असतो. नाश्ता कितीही खा! (आमच्या रेक्टर मॅडमनी नोंद घ्यावी.)

मग एसेन. शाळेत जिओग्राफीत 'रूर इंडस्ट्रियल रीजन' पाठ केलेला आठवतो का? तिथली झोल्फेराइन ही कोळशाची खाण १९८६ मध्ये बंद झाली आणि २००१ मध्ये जागतिक वारसा ठरली. त्यानंतर माग्डेबुर्ग. तिथे २००३ मध्ये एक पूल झाला, ९१८ मीटर लांब. त्याच्यावर रस्ता नाही, कालवा आहे. खालून एल्ब नदी वाहते आणि वरून मालवाहू जहाजं जातात. व्हायवाचा प्रश्न : पुलावर जहाज आलं की पुलावरचा भार किती वाढतो? उत्तर : वाढत नाही. जहाज आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारतं. आर्किमिडीज अमर रहे! शेवटी बर्लिन. भिंतीचं स्मारक फुकट, संसदेच्या काचेच्या घुमटात जाणंही फुकट, मात्र तिथे आधी नाव नोंदवावं लागतं.

आता आकडे. ९ पैकी २ रात्री ब्राउनश्वाइगला एमएस करणाऱ्या सीनियर ताईकडे, उरलेल्या ७ रात्री सरासरी ३० युरोंनी २१०. जेवण दिवसाला १०, म्हणजे १००. नळाचं पाणी पिता येतं. प्लास्टिकची बाटली घेतलीच तर २५ सेंट डिपॉझिट असतं, बाटली मशीनमध्ये टाकून परत घ्यायचं. रविवारी सुपरमार्केट बंद, म्हणून ब्रेड-चीज शनिवारीच. पास ६३. म्युझियम, लॉकर वगैरे ६०. एकूण ४३३.

हे सगळं मी घरी फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितलं. पलीकडे बाबा गप्प. मग म्हणाले, "पीएफमधनं पन्नास हजार काढतो. भाकरी बांधून हिंडायला का जर्मनीला जातीस?"

मला वाईट वाटलं. बाबा कोल्हापूरला उद्यमनगरात टर्नर आहेत. आम्हां दोघी बहिणींची कॉन्व्हेंटची फी ओव्हरटाइममधून भरली गेली. स्वतः जन्मभर जनरलच्या डब्यात उभे राहून गेले, ते पोरींनी तसं जाऊ नये म्हणून. आणि पोरगी युरोपात जाऊन पुन्हा पॅसेंजरच पकडते म्हणते! त्यांना त्यात कमीपणा दिसत होता. मला दिसत नव्हता, पण हे फोनवर समजावता येईना.

सुट्टीत घरी गेले तेव्हा एक्सेल शीटची प्रिंट काढून नेली. बाबांनी चष्मा लावला आणि जॉबचं ड्रॉइंग बघतात तशी ती वाचली, पेन्सिल फिरवत. मग पहिलाच प्रश्न, "टॉलरन्स किती ठेवलायस?"

"६७ युरो," मी म्हटलं.

"हां. चालंल." पेन्सिल पुढे सरकली आणि एका ओळीवर थांबली. एसेन आणि ब्राउनश्वाइगच्या मध्ये, बीलेफेल्ड, ३ तास, खर्च ०. "इथं काय आहे?"

"बाबा, तुमच्या मशीनचं गाव."

ज्या जुन्या लेथवर ते बावीस वर्षं काम करतात, त्याच्या पितळी पट्टीवर हे नाव आहे, खाली 'मेड इन वेस्ट जर्मनी'. लहानपणी डबा द्यायला गेले की मी ते एकेक अक्षर लावून वाचायची. गंमत म्हणजे बीलेफेल्ड नावाचं शहर अस्तित्वातच नाही, असा विनोद जर्मन लोक १९९४ पासून करत आलेत. २०१९ मध्ये तर खुद्द शहराने, आम्ही नाही हे सिद्ध करा आणि दहा लाख युरो न्या, असं बक्षीस लावलं होतं. ते कुणाला मिळालं नाही. उद्यमनगरात विचारलं असतं तर बाबांनी फुकट सांगितलं असतं.

बाबा काहीच बोलले नाहीत. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवर एक फोटो आला. रॉकेलने घासून लख्ख केलेली ती पितळी पट्टी. पीएफचा विषय त्यानंतर निघाला नाही.

काटकसर म्हणजे मन मारणं, असं आपण समजतो. मला वाटतं, पैसे मोजके असले की आपल्याला नक्की काय बघायचंय हे आधी ठरवावं लागतं. माझ्याकडे पाच हजार युरो असते तर मी सगळे जातात तिथेच गेले असते. बीलेफेल्डचं नाव त्या शीटमध्ये आलंच नसतं.

असो. व्हिसाचं काम अजून बाकी आहे, शुभेच्छा असू द्या. शीट कुणाला हवी असेल तर गर्ल्स होस्टेलच्या ऑफिसात निरोप ठेवा. फुकट मिळेल. टॉलरन्स मात्र आपापला ठेवा!