वसईचा गोठा

भीमाशंकरला गेला असाल तर देवळापुढची मोठी पोर्तुगीज घंटा तुम्ही पाहिलीच असेल. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा गावोगावच्या देवळांत आल्या. “बाई, मग वसईवाल्यांकडे आता काय उरलं?” असं आमच्या मुळशीच्या शाळेतल्या एका पोरानं विचारलं. मला काही सांगता येईना. वसईला माझी डी.एड.ची मैत्रीण राहते. नाताळच्या सुट्टीत निघालेच! पुण्याहून दादर, तिथून लोकलनं वसई रोड, पुढे रिक्षा.

किल्ला पाहिला. पण त्याचं वर्णन तुम्हाला कुठंही मिळेल. मला सांगायचंय ते गावांबद्दल.

इथले कॅथलिक लोक घरी सामवेदी नाहीतर वाडवळी बोलतात. एका चर्चखाली येणाऱ्या वस्त्यांना मिळून म्हणतात ‘धर्मग्राम’. किती छान शब्द आहे, नाही?

संध्याकाळी मैत्रिणीची मुलगी म्हणाली, “मावशी, आमचा गोठा बघायला चल.” येशूचा जन्म गुरांच्या गोठ्यात झाला, त्याचा हा देखावा. तो करतात आळीतली मुलं. बघते तर काय, हुबेहूब आपला दिवाळीतला किल्ला! मातीचे डोंगर, पेरलेली हिरवळ, फक्त मावळ्यांच्या जागी मेंढपाळ. शिवाय केळीची वाडी, रहाटाची विहीर आणि एका कोपऱ्यात खोक्यांच्या उंच इमारती, वाडीच्या अगदी अंगावर आलेल्या. मला आमचं हिंजवडी आठवलं. वसईची हिरवाई वाचवायला फादर फ्रान्सिस दिब्रिटो लोकांना घेऊन रस्त्यावर उतरले होते. पुढे २०२० साली ते उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते गेले. मुलांना हे सगळं ठाऊक होतं.

तेवढ्यात वरच्या चांदणीची दोरी तुटली. ओट्यावर तीन काका बसले होते, पण एकही उठला नाही. सातवीतली एक मुलगी शिडीवर चढली, दोघांनी शिडी धरली. मला राहवेना. काका हसून म्हणाले, “आम्ही उठलो की गोठा आमचा होतो. मग पुढच्या वर्षी पोरं येत नाहीत.”

रात्री चर्चमध्ये वाचन मुलांनी केलं, गाणीही त्यांचीच. सगळं मराठीत. पूर्वी ही उपासना लॅटिनमध्ये चाले. १९६२ ते १९६५ या काळात रोमला मोठी धर्मपरिषद भरली, त्यानंतर ठिकठिकाणच्या भाषांना मान मिळाला. अंगणात मात्र पोरं सामवेदीतच भांडत होती आणि कुणी त्यांना ‘शुद्ध बोल’ म्हणत नव्हतं. (आम्ही शिक्षक तेच म्हणतो. खरं सांगते, मला जरा लाजच वाटली.)

सगळं काही गोड नाही. काका म्हणाले, मोठी पोरं मुंबईहून रात्री दहाला परततात, लहानांचे क्लास असतात. गोठा आताशा चार-पाच जणांवरच येतो.

निघताना शिडीवाल्या मुलीनं विचारलं, “तुमच्या किल्ल्यावर काय पेरता?”

“अळीव.”

“आम्ही नाचणी.” तिनं कागदाची पुडी हातात दिली. नाचणी आमच्या मुळशीतही पिकते, पण नाही म्हणवेना.

पुडी आता वर्गाच्या कपाटात आहे. दिवाळीच्या किल्ल्याला शिडी कोण धरणार, यावर पोरांचं आत्तापासून भांडण चालू आहे.